बिनखोक्याचा बेस

आपल्या हॉस्टेलमध्ये चांगला बेस कशाला म्हणतात, ते सांगायला नकोच. खिडकीची काच थरथरली आणि वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, की बेस मस्त! आमच्या घरी मात्र बेसची परीक्षा बाबा घेतात आणि त्यांच्या पेपरात प्रश्न एकच : डग्गा.

बाबा वीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवत. चार वर्षांपूर्वी त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तळव्याने डग्ग्याची पुडी दाबण्याइतका जोर काही परत आला नाही. आता ते फक्त ऐकतात. ऐकताना दर वेळी म्हणायचे, "डग्गा वाजतोय, पण हात दिसत नाही." घिस्सा काढला की डग्ग्याचा सूर सरकत जातो. आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तो सगळा एकाच 'धुम्म'मध्ये बुडायचा. कारण खोली ठरावीक सुरांवर स्वतःच घुमते आणि स्पीकरचं खोकंही आपला आवाज त्यात मिसळतं.

म्हणून सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत मी ओपन बॅफल करायला घेतलं. म्हणजे एक फळी, तिला भोक, भोकात स्पीकर आणि मागची बाजू उघडी. खोकं नाही, म्हणजे खोक्याचा घुमार नाही. शिवाय आवाज पुढे-मागे जातो, बाजूंना फारच कमी. त्यामुळे खोलीही कमी घुमते.

पण फुकट काहीच मिळत नाही (हे मेसने आपल्याला शिकवलंच आहे!). कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लाटा फळीला वळसा घालून भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब. ६० सेंमी रुंद फळीत मधून कडेपर्यंतचा वळसा ३० सेंमी, म्हणजे लाटेच्या विसाव्या भागाइतकाही नाही. मग बेस उरणार कुठून? सूर एक सप्तक खाली गेला की आवाज ६ डेसिबलने पडतो. इक्वलायझरने तो भरून काढता येतो, पण तेवढ्यासाठी चौपट पॉवर आणि कोनची दुप्पट धाव लागते.

तेव्हा आधी वळसाच लांबवायचा. सुताराकडून फळीच्या दोन्ही कडांना मागे ३० सेंमीचे पंख लावून घेतले. स्पीकर १५ इंची घेतला, क्यूटीएस ०.७ च्या वरचा. म्हणजे चुंबकाचा लगाम जरा सैल, रेझोनन्सजवळ आवाज आपणहून उचलणारा. फळी जमिनीला टेकवली, म्हणजे खालच्या कडेची वाट बंद. मागची भिंत एक मीटर लांब ठेवली. ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं, कारण तिथे कोन नुसता हेलकावे खातो. डग्ग्याचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास फिरतो, त्याचं यात काही बिघडत नाही.

"हॉलच्या मधोमध कपाटाची दारं कशाला उभी केलीस गं?" हा आईचा अभिप्राय.

बाबांसाठी तबला सोलोची सीडी लावली. पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता तळवा ऐकू येतो." मी आवाज वाढवायला गेले, तर म्हणाले, "नको. एवढाच राहू दे."

मी कॉन्व्हेंटची, शाळेत क्वायरमध्ये गायलेली. तबला कधी शिकले नाही आणि बाबांनीही कधी आग्रह केला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून डग्गा काढायला लावला, माझा डावा हात पुडीवर ठेवला आणि म्हणाले, "दाब. अजून. आता पुढे सरकव." निघाला तो आवाज घिस्सा मुळीच नव्हता. पण येत्या सुट्टीत रोज सकाळी बसायचं, असं आमचं ठरलंय. आईने दिवाण भिंतीकडे सरकवून फळ्यांना कायमची जागा करून दिली आहे.