काचेची पट्टी

आमच्या घरातल्या फिशटँकच्या वरच्या कडेला आतून काचेच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. पुढची पट्टी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग आहे आणि तिचे सिलिकॉन काळे आहे. मागची दोन्ही टोकांना दोन-दोन इंच आखूड आहे, तिचे सिलिकॉन पारदर्शक आहे आणि त्यावर बोट ओढल्याच्या खुणा आहेत. पाहुण्यांच्या हे ध्यानात येत नाही. ते मासे पाहतात. ते बोट माझ्या वडिलांचे.

नाना सातारला पोवई नाक्याजवळ काच आणि फ्रेमचे छोटे दुकान चालवीत. त्यांच्याही आधीपासून काच आमच्या घरात होती. १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्यात, कराड स्टेशनजवळच्या ओगलेवाडीला, आजोबा कामाला होते. तिथल्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात किती जणांनी अभ्यास केला, हे मी वर्गात अभिमानाने सांगतो. घरी मात्र कंदिलाचा विषय वेगळ्या कारणाने निघे. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर ती तडकते, आणि काचेभोवतीची तार शोभेसाठी नसते, हे नानांनी मला लहानपणी सांगितले होते. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, सांगलीला प्राध्यापक झालो आणि हे सारे आठवणींच्या सदरात टाकून मोकळा झालो.

२०१७ च्या दिवाळीत मुलीच्या हट्टाखातर टँक घेतला. चार फूट लांब, दीड फूट उंच, काच आठ मिलिमीटर जाडीची. फिल्टर नंतर आणला. खाली कपाटात ठेवायचा, दोन नळ्या वर येऊन काचेच्या कडेवरून पाण्यात उतरणाऱ्या. त्या नळ्यांचा बाक इंचभराचा आणि पट्टीची रुंदी दोन इंच. नळी पट्टीवर अडे, पाण्यापर्यंत पोचेना. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “सर, मागची पट्टी काढून टाका, काही होत नाही.” मला हवे तेच उत्तर मिळाल्यामुळे मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. टँक रिकामा करून ब्लेडने पट्टी सोडवली, नळ्या बसवल्या, पाणी भरले. टँक देखणा दिसत होता. (अडथळा दूर केला की वस्तू देखणी दिसते, हे त्या वेळी मी सौंदर्यशास्त्राचे तत्त्व म्हणूनही मांडले असते.)

नाना भाऊबिजेला आले. त्यांनी मासे पाहिले नाहीत. आधी टँकच्या मागे वाकून पाहिले, मग पिशवीतली लाकडी पट्टी काढून ती मागच्या काचेवर आडवी धरली. मध्ये पट्टी काचेला टेकली, टोकांना फट राहिली. त्या फटीत त्यांनी एक रुपयाचे नाणे सरकवले. ते गेले.

“काच वाकलीय.”

“काच कुठे वाकते, नाना?”

“वाकती. आपल्याला दिसत न्हाई, एवढंच.”

मी वाद घातला. आठ मिलिमीटर म्हणजे काही थोडी नव्हे, दुकानदाराला काय कळत नाही, वगैरे. त्यांनी एवढेच सांगितले, की पाणी किती आहे ते काच मोजत नाही, किती उंच आहे ते मोजते. पुढे एका भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने हिशेब करून दिला तेव्हा मी वरमलो. दाब खोलीबरोबर वाढत जातो. सोळा-सतरा इंच उंच पाण्याचा चार फुटी काचेवरचा एकूण रेटा शंभर किलोंच्या वर भरतो. खालची कड तळाला धरलेली, बाजूच्या कडा बाजूच्या काचांना. वरची कड तेवढी मोकळी. म्हणून काच फुगते ती वर, मधोमध. पट्टी त्या मोकळ्या कडेला ताठ ठेवते.

त्या रात्री मी रागावून झोपायला गेलो. अकराच्या सुमारास बाहेर पाण्याचा आवाज आला म्हणून उठलो. नाना जमिनीवर बसले होते, रबरी नळी तोंडाने ओढून पाणी बादलीत सोडत होते, आणि मुलगी शेजारी बसून दुसऱ्या बादलीतले गोल्डफिश मोजत होती. त्यांनी मला हाक मारली नव्हती. मी बादल्या उचलू लागलो. सुमारे दोनशे लिटर पाणी बाथरूममध्ये ओतेपर्यंत एक वाजला, आणि त्या वेळात आम्ही दोघे एकमेकांशी काहीच बोललो नाही.

सकाळी त्यांनी काढून टाकलेली पट्टी मागितली. हिरकणीने दोन्ही टोके दोन-दोन इंच उडवली, धार दगडावर घासली. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, म्हणून ते ब्लेडने पुरते खरवडून स्पिरिटने पुसले. टोकेच का, असे मी विचारले. कोपऱ्यात बाजूची काच आधार देते, तिथे पट्टीला फारसे काम नसते; मध्ये गुंजभरही कापायची नाही. नळ्या त्या दोन फटींतून अलगद उतरल्या.

त्याच सत्रात मी द्वितीय वर्षाला वृत्ते शिकवीत होतो. एका विद्यार्थ्याची तक्रार होती, की वृत्त त्याच्या शब्दाला आडवे येते. एरवी मी त्याला मुक्तछंदाचा इतिहास सांगितला असता. त्या दिवशी त्याची ओळ फळ्यावर लिहिली आणि लघू-गुरूची सूट नेमकी कुठे घेता येईल ते दोघांनी मिळून शोधले. ओळ जमली नाही, हेही सांगायला हवे. कविता मुळात सुमार होती.

नाना २०२१ साली गेले. मुलगी आता पुण्यात शिकते. फोनवर माझ्या आधी माशांची चौकशी करते. जाण्याआधी नानांनी मला एक माप दिले होते: पट्टी धरल्यावर फटीत पोस्टकार्ड गेले तर चालेल, रुपयाचे नाणे गेले तर टँक रिकामा करायचा. त्यांची लाकडी पट्टी माझ्याकडे आहे. पोस्टकार्ड त्यांनीच मला कधीकाळी सातारहून पाठवलेले. दर महिन्याला पाणी बदलताना दोन्ही घेऊन मी टँकच्या मागे वाकतो. गेल्या रविवारी पोस्टकार्ड गेले. नाणे गेले नाही.