दोरावरून गेलेलं पाणी

वेलचेरीत पाणी वाहत नाही, साचतं. 2015च्या डिसेंबरात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. जिन्याच्या पायरीवर खडूनं ओढलेल्या रेघेपासून दोन दिवसांत ते बोटभरही खाली सरकलं नाही. चेन्नईचा हा भाग समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंच, शेजारी पळ्ळीकरणैची दलदल. पाण्याला उतरायला जागाच नाही. मी जन्मभर जलयंत्रं शिकवली, आणि राहायला आलो तो अशा ठिकाणी, जिथं अख्ख्या तळ्याचं पाणी एक चाती फिरवू शकणार नाही.

पाण्याची ताकद म्हणजे वजन गुणिले उंची. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी 52 मीटर खाली पडलं, तर सुमारे 510 किलोवॅट मिळतात. टर्बाइनमधली गळती-घर्षण वजा केली तरी पाचशे अश्वशक्ती हाती उरते. 52 मीटर हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. घटप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळ तेवढ्याच उंचीवरून उडी घेते.

मी मूळचा गडहिंग्लजचा. आमची हिरण्यकेशी पुढे घटप्रभेलाच मिळते, त्यामुळे आपल्याकडचं पाणी तिथं कडा उतरतं हे लहानपणापासून माहीत होतं. एसटीतून उतरताना कंडक्टर ‘फॉल्स, फॉल्स’ असं ओरडायचा, कारण धबधब्याच्या माथ्यावरच्या वस्तीचं नावच ते. त्या वस्तीचा जीव म्हणजे गोकाकची सूतगिरणी. 1885 साली कंपनी निघाली, 1887मध्ये गिरणी सुरू झाली. कंपनीच्या मूळ नावातच कापडाच्या आधी पाण्याची ताकद होती: गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. उद्योजक दावरांनी 1854 साली तिथं पहिली गिरणी काढली तेव्हापासून कोळसा बोटीनं बंदरात यायचा आणि तिथून गिरणीत. गोकाकला बंदर नव्हतं. कापूस होता, माणसं होती, आणि पावसाळाभर गर्जणारा कडा होता. डोंगराळ भागात कोळसा ओढत नेण्यापेक्षा खाली पडणारं पाणी पकडणं शहाणपणाचं होतं. इंग्लंडात गिरणीमालक आर्कराइटनं 1771मध्ये क्रॉमफर्डला हेच केलं. मात्र तिथं ओढ्याकाठी चाक बसवलं की काम भागे. गोकाकला पाणी दरीच्या तळाशी आणि गिरणी कड्याच्या माथ्यावर. ताकद वर न्यायची कशी?

आज कुणीही म्हणेल, वीज करून तारेनं. गोकाकबद्दल सांगताना ‘1887मध्ये इथे पहिल्यांदा वीज तयार झाली’ असं लोक अभिमानानं म्हणतात. मला या वाक्याचं वाईट वाटतं, कारण त्यामुळे त्याहून सुंदर गोष्ट झाकली जाते. त्या साली गिरणीची यंत्रं फिरवायला तळातून वर गेली ती वीज नव्हे. गेला तो पोलादी तारांचा दोर. झुरिकच्या एशर वीस कंपनीनं खाली टर्बाइन बसवले, आणि त्यांच्या मोठ्या कप्प्यांवरून अखंड फिरणारे दोर कड्यावर चढवून गिरणीच्या शाफ्टला जोडले. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू व्हायला अजून दहा वर्षं होती.

दोराची ही युक्ती आल्सेसमधल्या हिर्न बंधूंची. कोलमारजवळच्या लोगेलबाखला 1850च्या सुमारास त्यांना एका इमारतीतली ताकद लांबच्या दुसऱ्या इमारतीत न्यायची होती. लाकडी शाफ्ट किंवा चामड्याचे पट्टे एवढ्या लांब पुरत नाहीत. आधी पोलादी पट्टी लावून पाहिली, मग तारेचा दोर. यातलं मर्म वेगात आहे. सेकंदाला 20 मीटर वेगानं धावणाऱ्या दोरावरून शंभर अश्वशक्ती न्यायला 375 किलोची ओढ पुरते. वेग 2 मीटरवर आणा, ओढ 3,750 किलो होते आणि दोर मनगटाएवढा जाड लागतो. म्हणून बारीक दोर, मोठ्या कप्प्या आणि भन्नाट वेग. कप्पीच्या खाचेत चामडं बसवत, म्हणजे तार झिजत नसे आणि घसरतही नसे. दोर ताणून बांधायचा नसतो. दोन कप्प्यांमधला झोळच त्याला पकड देतो. वर्गात मी धोतराच्या सुताचा दोरा दोन रिळांवर घालून हे दाखवायचो, आणि मुलं गप्प होऊन बघायची.

र्‍हाइनकाठच्या शाफहाउझेनला 1860च्या दशकात याच पद्धतीनं नदीची ताकद गावभरच्या कारखान्यांना वाटली गेली. पण प्रत्येक टप्प्यावर थोडी ताकद गळते, आणि दोर बदलत राहावे लागतात. विजेच्या तारेनं पुढे बाजी मारली ती त्यामुळे. 1915 साली खोपोलीतून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली तेव्हा दोराचे दिवस संपले होते.

गोकाकच्या झुलत्या पुलावर, सुमारे दोनशे मीटर लांबीच्या त्या पुलावर, सगळे धबधब्याकडे तोंड करून उभे राहतात. मी पाठ करून उभा राहतो. खुणा कड्यावर आहेत. खाली उतरत गेलेले नळ, तळाशी वीजघर. पाणगिरणीच्या खुणा शोधायच्या तर इमारत शेवटी बघावी. आधी पाणी कुठून घेतलं ते बघावं, मग नळांना पेलणारे दगडी ठोकळे, मग वापरलेलं पाणी नदीत परत सोडणारी चर. आणि एका सरळ रेषेत, जोडीजोडीनं उभे दगडी खांब दिसले आणि त्यांच्या माथ्यावर बोल्टची भोकं असली, तर तिथून दोर गेला होता असं समजावं. पायवाटेचे किंवा तारेचे खांब उताराला वळसा घालतात. दोर वळसा घालत नाही.

चेन्नईला आल्यावर मला गोकाकच्या गिरणीचं भावंड दक्षिणेत भेटलं. तिरुनेलवेलीच्या पश्चिमेला, पोदिगै डोंगराच्या पायथ्याच्या दाट झाडीत, पापनाशमला अँड्र्यू आणि फ्रँक हार्वे या स्कॉटिश भावांनी 1880च्या दशकातच पाण्यावर सूतगिरणी चालवली. पुढे तूतुकुडी आणि मदुराईतही त्यांच्या गिरण्या झाल्या. ही नदी ताम्रपर्णी. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी चमकलो, कारण ताम्रपर्णी तर आमच्या चंदगडची! चंदगडच्या डोंगरांतून निघून ती घटप्रभेला मिळते, आणि तिचंही पाणी फॉल्सच्या कड्यावरून खाली जातं. एका ताम्रपर्णीनं तमिळ मुलखात सूत कातलं, दुसरीनं सीमाभागात, एकाच दशकात. नावाचा हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी पापनाशमच्या पाण्यात हात घातला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

आता पाय साथ देत नाहीत, दरीत उतरणं होत नाही. पण एक काम घरबसल्या होईल. बेळगाव, गोकाक, गडहिंग्लज, संकेश्वर भागात अनेक घरांत फॉल्सचे जुने फोटो असतील. लग्नानंतर जोडीनं काढलेले, शाळेच्या सहलीचे, आजोबांच्या पेटीत राहिलेले. त्यातल्या फार जुन्या फोटोत कड्यावरून वर चढणाऱ्या दोन बारीक समांतर रेषा दिसल्या, तर तो काचेवरचा ओरखडा समजून पुसू नका. भिंग घेऊन त्या रेषा वर कुठं टेकतात ते बघा, आणि फोटोच्या मागे साल लिहिलं असेल तर तेही.