माती, मॅट आणि दम

कबड्डीच्या नियमांत साहित्याचे प्रकरण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. बॅटची रुंदी, भाल्याचा तोल, शर्यतीच्या नौकेच्या शिडाचे क्षेत्रफळ, यांवरून त्या त्या खेळांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. कबड्डीत, गणवेश सोडला तर, नखे कापलेली असावीत आणि अंगाला तेल लावलेले नसावे, एवढ्यावरच जुना नियम थांबत असे. देह हेच साहित्य. म्हणून साहित्याचे नियमही देहाचेच. अशा खेळात उपकरणावरून घराघरांत दोन तट पडतील, असे कोणाला वाटले नसते. ते पडले, आणि त्या वादाचे एक मूळ भिलाईत आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

१९७८ साली राष्ट्रीय कबड्डीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भिलाईत विशेष परिषद भरली आणि तीत आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. पोलादाच्या नगरीला या खेळाची ओढ कशी, हा प्रश्न नकाशा पाहिला की उरत नाही. दुर्ग आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा विदर्भातील माणसे हावड्याच्या गाडीत बसून इथे येऊ लागली, आणि ट्रंकेत न मावणारा हुतूतू त्यांच्याबरोबर आला. महाराष्ट्रात या खेळाला नियमांची चौकट १९१८ पासून मिळू लागली होती. १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि बडोद्याला अखिल भारतीय सामने झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये त्याचे प्रदर्शनही घडवले होते. तथापि प्रदर्शन निराळे आणि प्रतिस्पर्धी मिळणे निराळे. भिलाईच्या परिषदेला हवे होते ते प्रतिस्पर्धी.

या नगरीच्या एका सेक्टरमध्ये कारखान्यातून निवृत्त झालेले एक वऱ्हाडी गृहस्थ राहतात. त्या वर्षी मैदान तयार करणाऱ्या पोरांत ते होते. माती चाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. चाळणीवर राहिलेला प्रत्येक खडा म्हणजे कोणाच्या तरी गुडघ्याची जखम, असे त्यांना सांगितले गेले होते, आणि आजही गहू निवडताना ते तितक्याच गंभीरपणे खडे बाजूला ठेवतात. चाळलेल्या मातीत भुसा मिसळायचा, पाणी शिंपडायचे, तुडवायचे, मग फक्कीच्या रेषा. रेषा ओढून झाल्यावर मैदानात चप्पल घालून जाणाऱ्याला शिव्या बसत. पुढे ते पंच झाले. त्यांचा नातू चढाईपटू आहे. तो मातीवर खेळत नाही.

वाद बहुधा रात्री, पाने वाढल्यावर निघतो. नातवाचे म्हणणे सरळ आहे. ‘आजोबा, तुमची माती दर गावी वेगळी. कुठे चिकण, कुठे मुरूम. आदल्या रात्री पाऊस पडला की सामना गेला. मॅट सगळीकडे सारखी.’ म्हातारबुवा घास गिळून विचारतात, ‘अन् पोरांच्या घरची परिस्थिती? तीही सगळीकडे सारखी आहे का रे?’

दोघांचेही खरे आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगण मॅटने झाकायचे, तर ते कोणा शेतमजुराच्या पोरांनी वर्गणी काढून होणारे काम नव्हे. शिवाय मॅट ठेवायला कोरडी खोली हवी आणि पायांत बूट हवेत. उलट, एकच एक पृष्ठभाग असल्याखेरीज दूरच्या देशांतील संघांशी समान स्पर्धा होणे कठीण, हेही नाकारता येत नाही. म्हातारबुवांना हा युक्तिवाद ठाऊक आहे. प्रतिस्पर्धी हवेत म्हणून १९७८ साली जे टाळ्या वाजवत होते, त्यांत तेही होते. वस्तुतः त्यांचे भांडण नातवाशी नसून स्वतःच्याच त्या टाळ्यांशी असावे.

हॉकीचा दाखला अशा वेळी हमखास निघतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. परंतु हा दाखला इथे पुरता बसत नाही. हॉकीचे मैदान आपल्याला न विचारता बदलले, अशी तक्रार तरी करता येते. कबड्डीची मॅट आपणच अंथरली.

खेळ बदलला तो मात्र पायांच्या बाजूने. मातीत पाऊल किंचित रुतते, किंचित घसरते. पकड करणारा त्या घसरण्याचा हिशेब मनात धरून झेप घेतो. मॅटवर बूट जागच्या जागी धरतो. त्यामुळे चढाईपटूचे वळण चपळ झाले आणि त्या वळणाचा भार गुडघ्यावर व घोट्यावर आला. मातीवर अंग खरचटे. मॅटवर आतला सांधा दुखतो. घामाने निसरड्या झालेल्या हाताला पूर्वी मूठभर माती पुरे, आता पंचांकडे पाहून फडके मागावे लागते.

खरी कळ मात्र मॅटची नाही, दमाची आहे. पूर्वी चढाईचे घड्याळ चढाईपटूच्या छातीत होते: दम संपला की चढाई संपली. आज तीस सेकंदांची मर्यादा आहे. शब्दाचा उच्चार नियमाने अजून सक्तीचा असला तरी प्रेक्षकांच्या गलक्यात तो ऐकू येत नाही, आणि प्रेक्षक फलकावरील आकडे पाहतो. हुतूतू, हा-डू-डू, चेडुगुडु अशी प्रांतोप्रांतीची नावे या शब्दोच्चाराच्या नादातूनच उपजल्यासारखी वाटतात. भाषांच्या अभ्यासकाने एखाद्या चढाईपटूच्या ओठांकडे पाहावे, इतका हा खेळ उच्चाराचा आहे. म्हातारबुवा दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून सामना पाहतात आणि कोणाचा दम मध्येच तुटला ते सांगतात. नातू म्हणतो, आवाज बंद असताना कसे कळणार? ते म्हणतात, गळ्याकडे बघ.

२०१८ साली जकार्त्यात भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत इराणकडून हरल्या. घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. एकटे म्हातारबुवा बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘भिलाईत मागितलं ते मिळालं. चाळीस वर्षं लागली.’ २०२३ मध्ये हांगझौला याच इराणविरुद्धचा पुरुषांचा अंतिम सामना राखीव पट्टीच्या नियमाचा कोणता अर्थ लावायचा यावरून बराच वेळ थांबला, तेव्हा नातू संतापला होता. आजोबा मात्र पंचाच्या उत्सुकतेने पुढे सरकून बसले होते. भारत ३३-२९ असा जिंकला. त्यांनी निकालाविषयी काही विचारले नाही; नियम कोणता धरला, एवढेच विचारले.

अलीकडे नातवाला बूट घ्यायचे होते. पैसे आजोबांनी दिले. दुकानात त्यांनी बूट हातात घेऊन तळवा अंगठ्याने दाबून पाहिला, चाळणीत माती पाहावी तसा, आणि एक माप मोठे नको म्हणून बजावले. घरी आल्यावर नातू अंगणातल्या फरशीवर वळणे घेऊ लागला. म्हातारबुवा पायरीवर बसले होते. ‘तोंडानं म्हण,’ ते म्हणाले, ‘मुका काय खेळतोस?’