तिकीट घ्या हो, तिकीट!

तोक्योत रॉक वाजवायला सूर-ताल लागतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लागतात ती ओळखीची माणसं. तिथल्या 'लाइव्ह हाउस'मध्ये हौशी बँडच्या गळ्यात 'नोरुमा' अडकवतात. म्हणजे तिकिटांचा कोटा! आमचा 20 तिकिटांचा. न खपलेल्यांचे पैसे खिशातून भरायचे. आपल्याकडे गर्दी जमावी म्हणून फुकट पास वाटतात. इथं गाणाराच स्वतःचं गाणं विकत घेतो.

आमच्यात चार जपानी आणि मी. मी मूळचा पेटीवाला, तेव्हा कीबोर्ड ओघानंच आला. घराच्या भिंती पापडासारख्या, म्हणून तालीम तासावर भाड्याच्या स्टुडिओत. 'बंड करा' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि तास संपायच्या आत वायरी गुंडाळून, अँपची बटणं शून्यावर आणून, काउंटरवरच्या पोराला वाकून नमस्कार करायचा!

1970 साली 'हॅपी एंड' या बँडचा जपानी गाण्यांचा आल्बम आला. 'ही भाषा रॉकला चालायची का?' असा वाद तेव्हा रंगला होता. (मराठी गझलेच्या वेळी आपण काय केलं?)

मार्चमध्ये आमच्या बेसवाल्याची साप्पोरोला बदली झाली. शेवटच्या कार्यक्रमाला 6 तिकिटं उरली. ती त्यानंच घेतली.

"अरे, तू तर स्टेजवर! बघणार कोण?"

"नव्या ऑफिसात दाखवीन," तो म्हणाला. "माझा बँड होता, हे नुसतं सांगून कोणाला पटायचं नाही."