चंद्रपूरचा उन्हाळा आणि गिटारचा नेक

गिटार घ्यायला निघालेला माणूस आधी कंपनीचं नाव विचारतो. मार्टिन चांगली की टेलर, यामाहा घ्यावी की कॉर्ट, कोलकात्याची गिव्हसन चालेल का? चंद्रपुरात गिटारदुरुस्तीचं काम करताना माझ्या टेबलावर लहानमोठ्या सगळ्या नावांच्या गिटारी येतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. नाव नंतर पाहू, आधी नेक कोणत्या लाकडाचा आहे, आत रॉड कसला आहे आणि तो बॉडीला कसा जोडलाय ते बघू. पुण्यात किंवा बंगळुरात हा प्रश्न शेवटी आला तरी चालेल. आमच्याकडे तो पहिलाच असावा लागतो.

कारण हवा. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत मोडतात. पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आम्ही पाहिला आहे. त्या दिवसांत दुपारच्या हवेत ओलावा जेमतेम १५-२० टक्के असतो. ऑगस्टमध्ये तोच ८०च्या वर जातो. गिटार बनवणाऱ्या कंपन्या वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. तेवढी आमच्याकडे पावसाळा सरल्यावर काही आठवडे मिळाली तर मिळाली. त्यात घराघरात कूलर. खिडकीत वाळ्याचा कूलर रात्रभर ओली हवा फेकतो, सकाळी तो बंद होतो आणि दहा वाजेपर्यंत खोली पुन्हा कोरडी ठणठणीत. कूलरसमोरच्या भिंतीला टांगलेल्या गिटारला मे महिन्याच्या एका दिवसात पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात.

लाकूड ओलाव्याने लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. म्हणून मेमध्ये फ्रेटबोर्ड आक्रसतो, पण फ्रेटची धातूची तार आहे तेवढीच राहते आणि तिची टोकं कडेला बाहेर येऊन तळहाताला खरचटतात. गिटारची वरची पातळ फळी कोरड्यात खाली बसते, ओल्यात फुगते. फुगली की ब्रिज वर उचलला जातो आणि तारा नेकपासून लांब जातात. ‘तारा दाबल्याच जात नाही जी,’ ही तक्रार घेऊन पावसाळ्यात येणारे सर्वांत जास्त. वडसा-देसाईगंजकडची, झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करणारी संगीतमंडळी दिवाळीच्या आधी येतात. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रांपासून त्यांचा हंगाम सुरू होतो, मग वाद्य गाडीत, मंडपात आणि थंडीतल्या उघड्या रंगमंचावर फिरत राहतं.

स्टीलच्या तारांची अकॉस्टिक गिटार लाइट गेजच्या सेटवर सुरात लावली की सहा तारा मिळून सुमारे ७५ किलोचा ताण देतात. एक धडधाकट माणूस चोवीस तास नेकला लोंबकळत असावा इतका हा भार. नेक पुढे वाकणारच. तो किती वाकू द्यायचा आणि वाकल्यावर परत कसा आणायचा, याची प्रत्येक कंपनीची वेगळी तजवीज आहे. ब्रँडमधला खरा फरक मला तिथे दिसतो.

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची मार्टिन १८३३ सालची. तिच्या परंपरेतल्या गिटारींमध्ये नेक डव्हटेल सांध्याने बसतो: नेकच्या टाचेला कबुतराच्या शेपटीसारखा पसरट कूस, बॉडीत तशीच खाच, मध्ये सरस. सांधा नीट बसला तर सरस नसतानाही तारांचा ताण धरतो, इतका तो पक्का असतो. पण या कंपनीने कितीतरी वर्षं नेकमध्ये फिरवता येणारा रॉड घातलाच नाही. १९३४ पासून पोलादी टी-आकाराची पट्टी, युद्धाच्या काळात पोलाद मिळेना म्हणून एबनी, १९६७ पासून चौकोनी पोलादी नळी. हे सगळे नुसते आधार होते. फिरवता येणारा रॉड मार्टिनमध्ये आला १९८५ साली. म्हणून एखाद्या घरात परदेशातून आलेली जुनी मार्टिन निघाली आणि नेक वाकलेला असला, तर चावी फिरवून काहीच होत नाही. फ्रेट काढून बोर्ड रंधून नव्याने फ्रेट घालावे लागतात.

तो रॉड मुळात गिब्सनकडचा. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या थॅडियस मॅकह्यू यांनी नेकमध्ये खोबणीत पोलादी सळई बसवून टोकाच्या नटाने तिचा ताण कमीजास्त करण्याची युक्ती काढली. आज साध्या गिटारींतही तिचीच पुढची आवृत्ती असते. सळई दोन प्रकारची असते. एकेरी फक्त नेक मागे ओढते. दुहेरी दोन्ही दिशांना काम करते. आमच्या हवेत दुहेरीच हवी, कारण एखाद्या मेमध्ये नेक उलटा, मागे वाकतो, आणि तेव्हा एकेरी रॉड कितीही सैल केला तरी उपयोग नसतो.

टेलर ही १९७४ची, त्या मानाने तरुण कंपनी. बॉब टेलर यांनी नेक चिकटवायचा सोडून बोल्टने बसवला. आमच्याकडच्या जुन्या वादकांना यात कमीपणा वाटतो, आवाज जातो म्हणतात. मला तो आवाज गेलेला कधी ऐकू आला नाही. १९९९ मध्ये त्यांनी नेकचा फ्रेटबोर्डाखालचा शेवटचा भागही बॉडीच्या वरच्या फळीवर न चिकटवता खास खाचेत बसवला आणि खाली निरनिराळ्या जाडीच्या पाचरी दिल्या. पाचर बदलली की नेकचा कोन बदलतो, आणि ते काम काही मिनिटांचं असतं.

हा कोन नेमका काय, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून इथे थोडं थांबतो. रॉड नेकचा वाक काढतो. नेक बॉडीला कोणत्या कोनात मिळतो, ते रॉडच्या हातात नाही. तारांच्या ओढीने आणि हवेच्या फेरफाराने गिटारची बॉडी वर्षानुवर्षं हळूहळू पुढे झुकते. नेक सरळ असूनही तारा वर जातात. मग माणूस रॉड आवळत सुटतो आणि शेवटी नटाचे आटे तरी जातात, नाहीतर रॉड तुटतो. तपासणी सोपी आहे. आधी सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तार व फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट असली की वाक बरोबर. मग एक लांब पोलादी पट्टी फ्रेटवर सरळ ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं तर कोन चांगला. ब्रिजच्या पोटाला अडलं तर नेक काढून पुन्हा बसवण्याखेरीज उपाय नाही.

डव्हटेलचा नेक काढणं हे धीराचं काम आहे. चौदा फ्रेटवर बॉडी मिळणाऱ्या गिटारीत पंधरावा फ्रेट तापवून उपसायचा, त्याच्या खोबणीतून बारीक भोक पाडायचं. ते बरोबर सांध्यामागच्या पोकळीत उतरतं. फ्रेटबोर्डाचं टोक गरम पट्टीने आधीच सोडवून घ्यायचं. मग प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून सुईतून वाफ आत सोडायची. सरस मऊ व्हायला काही मिनिटं लागतात, आणि वाफ जास्त गेली तर बाजूची फळी पांढरी पडते. म्हणून एक हात टाचेवर आणि डोळे पॉलिशवर. सांधा सुटताना आधी हाताला कळतो. नंतर हिशेब येतो. समजा ब्रिजवरच्या सॅडलपाशी पट्टीची रेघ ३ मिलिमीटर उचलायची आहे. टाचेची उंची ९५ मिलिमीटर, चौदाव्या फ्रेटपासून सॅडलचं अंतर साधारण २८७. तर टाचेच्या टोकाशी घासून काढायचं लाकूड भरतं जेमतेम एक मिलिमीटर, आणि तेही वर सांध्याच्या कडेशी शून्यावर यायला हवं. दोन-तीन दिवस त्यात जातात. पाचरी नसलेल्या बोल्टच्या गिटारीत हेच काम दुपारी सुरू करून संध्याकाळी संपतं.

यामाहाची एफ ३१० चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यात जास्त दिसते. तिचा नेक नाटो नावाच्या लाकडाचा आणि चिकटवलेला. या किमतीत कुणी नेक काढून बसवत नाही, कारण मजुरी गिटारच्या किमतीजवळ जाते. पण तिची वरची फळी प्लायची असते आणि इथे ती गोष्ट मी गुणाची मानतो. अखंड लाकडाची फळी गोड बोलते. चंद्रपुरात ती सांभाळणाऱ्यालाच द्यावी.

स्पॅनिश पद्धतीच्या क्लासिकल गिटारीची गोष्टच निराळी. तिथे नेक आणि टाच एकच, बाजूच्या फळ्या टाचेच्या खाचांत घातलेल्या. नेकभोवतीच गिटार बांधली जाते. नायलॉनच्या तारांचा ताण निम्म्याच्या आसपास असल्याने बहुतेकींत रॉड नसतो. नेक काढायचा म्हटलं तर गिटार उघडावी लागते.

ग्राहकांना हमखास खटकतं ते नेकमधलं जोडकाम. हेडस्टॉकपाशी तिरकस सांध्याची रेघ दिसली की माल हलका, असा समज पक्का आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. अखंड लाकडातून कोनात कापलेल्या हेडस्टॉकपाशी लाकडाच्या रेषा आखूड पडतात, आणि गिटार पालथी पडली की तिथेच मोडते. तिरकस सांध्यात दोन्ही भागांच्या रेषा लांब राहतात. तीन पट्ट्या उलटसुलट चिकटवलेला नेक एका तुकड्याच्या नेकपेक्षा हवेला कमी दाद देतो. अट एवढीच की लाकूड वाळलेलं असावं आणि उभ्या रेषांचं असावं: नेकच्या टोकाकडून पाहिलं तर वर्षवलयं फ्रेटबोर्डाला काटकोनात उभी दिसली पाहिजेत.

लाकडाबद्दल बोलताना मिरजेची आठवण येणारच. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचे कारागीर दांडीसाठी पिढ्यान् पिढ्या तून वापरतात. तून, गिटारवाल्यांचं महोगनी, क्लासिकलवाल्यांचं स्पॅनिश सिडार आणि आपला कडुनिंब ही सगळी एकाच कुळातली झाडं. दोन खंडांतले कारागीर एकमेकांना न विचारता त्याच कुळाशी आले, कारण हे लाकूड हलकं आहे, हत्याराला सरळ जातं आणि वाळल्यावर जागचं हलत नाही. मोठ्या पानाचं महोगनी २००३ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आलं, म्हणून आज कंपन्या नेकसाठी नाटो, ओकुमे, सापेले वापरतात. फ्रेटबोर्डाच्या शिसमावर २०१७ मध्ये निर्बंध आले; तयार वाद्यांना त्यातून २०१९च्या अखेरीस सूट मिळाली. मार्टिनने ब्राझीलचं लाकूड मिळेना म्हणून १९६९ मध्ये भारतीय शिसम घ्यायला सुरुवात केली होती. तेच शिसम आलापल्लीच्या जंगलात सागाच्या सोबतीने वाढतं.

आणि साग? बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं, याचा इथे प्रत्येकाला अभिमान आहे. मी पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळयांतून नेक घडवतो. साग आडव्या दिशेला सुमारे ५ टक्के आक्रसतो, महोगनी ४ च्या थोडं वर. म्हणजे फरक फार नाही, आणि जुनी तुळई तर आपलं सगळं हलणं आधीच हलून बसलेली असते. त्रास तीन. सागात सिलिका असते, रंध्याची धार बघता बघता जाते. त्यात तेलही असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच जोडावा लागतो. वजन महोगनीपेक्षा किंचित जास्त, त्यामुळे हेडस्टॉक हलका ठेवावा लागतो. एवढं सांभाळलं तर चंद्रपूरच्या मेमध्ये सागाचा नेक कुठल्याही परदेशी नेकइतका सरळ राहतो, हे मी खात्रीने सांगतो.

तेव्हा या दिवाळीत चंद्रपूर-गडचिरोलीत कुणी मुलासाठी पहिली गिटार घेणार असेल तर माझा सल्ला असा. प्लायची वरची फळी, दुहेरी रॉड आणि जोडकामाचा नेक असलेली घ्या. दोन सारख्या किमतीच्या असतील तर बोल्टच्या नेकची उचला. दुकानात पोलादी पट्टी घेऊन जा आणि ती ब्रिजच्या वर टेकली तरच पैसे द्या. घरी गिटार केसमध्ये ठेवा, कूलरसमोरच्या भिंतीवर नको, बंद गाडीत तर मुळीच नको. रॉड वर्षातून दोनदा तपासून घ्या, एकदा होळीनंतर आणि एकदा पावसाने जम बसवल्यावर. आणि त्याची चावी एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.