सोमवारच्या गोळ्या

सावली, ३० जून २०२५
दादाच्या गळ्याशी पुन्हा गाठ आली. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग नागपुरात राहून लाइटही, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाले. आता पुन्हा ऑपरेशन जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. इकडे परे रोवणीला आलेत. दादा आजाराचं बोलतच नाही, बांधीत पाणी किती साचलं तेच विचारतो.

पुतण्याने मोबाइलवर आयआयटी मुंबईच्या कॅन्सरवरच्या औषधाची बातमी दाखवली. दादाने एवढंच विचारलं, "मले भेटन का थे?"

२ जुलै
दोन रात्री त्याच औषधाचं वाचतो आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घालून कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी हे आपल्याकडे उभं केलं. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी त्याचं लोकार्पण केलं. परदेशात जे काही कोटींना पडतं ते इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात होतं. हा मोठाच पराक्रम आहे. पण शिकवलेल्या त्या पेशी बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण शोधतात. म्हणजे रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे काही कॅन्सर. तोंडाच्या कॅन्सरवर ती खूण नसते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडं जळालेल्या आमच्या मुलुखाला त्याचा आज उपयोग नाही. दादाला तसं सरळ सांगितलं.

७ जुलै, नागपूर
पहाटेच्या एसटीने निघालो. सिंदेवाही, नागभीड, उमरेड, सगळीकडे चिखलणी चाललेली.

दादाच्या डॉक्टर बाईंनी वेळ दिला आणि दुसरं एक औषध समजावलं. शरीरातल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. क्योतोच्या तासुकू होन्जोंच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तो शोधला, २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं. कॅन्सर हा ब्रेक दाबून धरतो, निव्होलुमॅब हे इंजेक्शन तो सोडवतं. पूर्ण डोसचा खर्च आमच्यासारख्यांनी ऐकूही नये असा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मग विचारलं, की एवढं औषध लागतं तरी का? थोड्या औषधानेही तो ब्रेक सुटलेला राहतो, असं आधीच दिसलं होतं. त्यांनी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि सोबत तीन प्रकारच्या गोळ्या. १५१ रुग्णांच्या त्या अभ्यासात नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले १६ टक्के, इंजेक्शन जोडल्यावर ४३.

४३ म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं वर्षाच्या आत जातात. तेही बाईंनी लपवलं नाही. दादा ऐकत होता. म्हणाला, "मंग आजच सुरू करा."

मला वाटतं, औषध कमी करून बघण्याचं हे धाडस नवं औषध शोधण्याइतकंच मोलाचं आहे. डोस कमी झाला तर विकणाऱ्याचा फायदा नाही. असा प्रयोग कुणीतरी रुग्णाच्या बाजूने उभं राहूनच करावा लागतो.

८ जुलै
रात्री उशिरा घरी. लाइटच्या वेळी नागपुरात सहा आठवडे भाड्याच्या खोलीत काढलेल्या वहिनीला हे खरंच वाटत नव्हतं. इंजेक्शन तीन आठवड्यांनी, बाकी सगळं घरात.

मात्र गोळ्यांचं नीट समजून घ्यायला हवं. सेलेकॉक्सिब रोज दोनदा, एर्लोटिनिब रोज एकदा, पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस. ते चुकून रोज घेतलं तर रक्त तयार होणं थांबतं, जीवही जातो. वहिनीला अक्षरं फारशी येत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेटची पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवली आणि कॅलेंडरवर सगळे सोमवार लाल केले.

१९ जुलै
रोवणा आटोपत आला. दादा धुऱ्यावर बसून बायांना सूचना करतो. अंगावर पुरळ आलंय. फोनवर विचारलं, एर्लोटिनिबने येतं म्हणाले. दुखणं कमी आहे, पेज गिळता येते.

२६ जुलै
वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत 'मुक्तिपथ'वाले गावोगाव खर्रा सोडवायला फिरतात. इकडे पानठेल्यावर पन्नीत घोटणं चालूच. त्यातल्या सुपारीने गालाची कातडी आतून ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. ही कॅन्सरच्या आधीची पायरी, आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही. आपली तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत.

आज आमच्या शाळेत वरच्या वर्गांतल्या मुलांना तशी तीन बोटं तोंडात घालायला लावून तपासलं. घरी आल्यावर पुतण्याला बसवलं. वय एकोणीस. दोन बोटांनंतर जबडा अडला. मिरचीने तोंड पोळतं म्हणाला, कधीपासून ते सांगेना. खिशातली पुडी वहिनीने काढून घेतली.

२८ ला दादाचं दुसरं इंजेक्शन आहे. पुतण्याही येतो आहे. त्याच दिवशी त्याचं तोंड दाखवायचं, मी डॉक्टर बाईंना फोन करून ठेवला.