ज्यांच्या दारी बैल नव्हते, त्यांचा पोळा

वर्धा जिल्ह्यात पोळा दोन दिवसांचा. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा मोठा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा. पुण्या-मुंबईकडच्या अनेक बांधवांना हा दुसरा पोळा ठाऊक नसतो. आपल्या विदर्भात मात्र त्याचे मोठे कौतुक. सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे.

आमचे आजोबा आर्वीकडच्या एका खेड्यात सालदार होते. हा मुलूख गवळाऊ बैलांचा. पांढरेशुभ्र, चपळ, गाडीला नि वखराला सारखेच चालणारे. वर्षभर त्यांचा चारापाणी, शेणगोठा सारे आजोबांच्या हातचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने बैलांचे खांदे तेच मळायचे. नाल्यावर धुणे, शिंगे रंगवणे, बेगड लावणे, झूल घालणे हेही त्यांच्याकडेच. पण संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली पोळा भरला, की कासरा मालकाच्या हाती जायचा. पहिला मान पाटलाच्या जोडीचा. झडत्यांचा आवाज चढायचा, तोरण तुटायचे, आणि आम्ही लेकरे आजोबांचा हात धरून कडेला उभे असायचो.

दुसरा दिवस मात्र आमचा असे. बाबांनी सुताराकडून चार चाकांचा सागवानी बैल करून घेतला होता. माय त्याला रंग द्यायची, जुन्या लुगड्याच्या काठाची झूल शिवायची. दोरी धरून आम्ही भावंडे घरोघरी फिरायचो. बोजारा म्हणून कुणी चाराणे-आठाणे द्यायचे, कुणी मूठभर फुटाणे. त्या पैशांतून माय वह्या आणायची. आजोबा ओट्यावरून म्हणायचे, "हा बैल आपला हाय, पोट्टेहो!" त्या दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता.

आपण बौद्ध, मग पोळा कशाला, असे काही जण विचारतात. आमच्या घरी त्या दिवशी पूजा नव्हती. पुरणपोळी होती आणि राबणाऱ्या जनावराविषयी माया होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्यांच्या वप्रमंगल उत्सवाविषयी लिहिले आहे. पेरणीच्या त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा. सिद्धार्थही धरीत. विद्वान असूनही त्यांना अंगमेहनतीचा कमीपणा वाटत नसे.

आता शिवारात ट्रॅक्टर आले, दावणी ओस पडल्या. वॉर्डावॉर्डात तान्ह्या पोळ्याच्या सजावट स्पर्धा होतात, बक्षिसे मिळतात. आनंद आहे. पण लेकराच्या हाती लाकडी बैल देताना एवढे जरूर सांगावे, की आपल्या आजा-पणजाने दुसऱ्याचे बैल आयुष्यभर सांभाळले आणि त्यांच्या घामावर या जिल्ह्याची कपाशी पिकली. बक्षीस कुणालाही मिळो, हा मान आपल्या घरचा आहे.